जुन्या स्पीकरांची डागडुजी

जुना रेडिओ दुरुस्त करून देणारा कारागीर अजूनही कोठे ना कोठे भेटतो. जुना स्पीकर दुरुस्त करू म्हणणारा मात्र विरळा. "टाकून द्या, नवा बसवू," हे उत्तर आम्हांला इतक्यांदा मिळाले, की अखेर आम्हीच त्या कामाला हात घातला. किकवीसारख्या गावात फावल्या वेळाची वाण नसते, आणि हे काम वेळच खाते.

स्पीकर ही तशी साधी वस्तू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच आजही मुख्यतः चालते. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला कागदी शंकू, आणि शंकूच्या कडेला त्याला लवू देणारी मऊ झालर. वेटोळ्यातून प्रवाह वाहिला की शंकू पुढेमागे हलतो, हवा हलते, आणि आकाशवाणीचा निवेदक घरात बोलू लागतो. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्या काळच्या लाकडी रेडिओंतले स्पीकर आम्ही उघडून पाहिले आहेत. त्यांची झालर शंकूच्याच कागदाची, घड्या घातलेली. उंदराने कुरतडली नाही तर ती आजही शाबूत असते. फाटलेच तर पतंगाच्या कागदाचा तुकडा पातळ केलेल्या फेविकॉलने लावावा. जाड कागद लावू नये. शंकू जड होतो आणि आवाज बसतो.

रोग शिरला तो पुढे, फोमची झालर आली तेव्हा. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. त्यासाठी झालर फार मऊ हवी. पुढे या कामी फोम सर्रास वापरला जाऊ लागला, आणि फोमचे आयुष्य पंधरावीस वर्षांचे. हवेतली ओल त्याला आतून पोखरते. भाटघरच्या मागच्या डोंगरात कोसळतो तसा पाऊस किकवीत नाही, तरी चार महिने भिंती ओल धरतातच. पेटी न वाजवता कपाटावर ठेवली म्हणून फोम वाचत नाही. बोट लावताच तो काळ्या चिकट भुकटीसारखा गळून पडतो.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या पेट्या आमच्याकडे आल्या त्या याच अवस्थेत. गुरुजींची दृष्टी मंदावली आहे. वाचन सुटले, ऐकणे तेवढे राहिले. मुलगा पिंपरीला असतो. त्याने हाताच्या मुठीएवढा नवा स्पीकर आणून दिला होता, बिनतारी. गुरुजी म्हणाले, "त्यातून माणूस बोलतो, पण तो डब्यात बसून बोलतो." मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते, दुरुस्तीच्या खर्चात तसा दुसरा स्पीकर आला असता.

आम्ही तापकीर गल्लीतून आठ इंची झालरी आणल्या. जुना फोम ब्लेडने व स्पिरिटने हळूहळू खरवडला. कामाचा नाजूक भाग पुढे आहे. वेटोळे आणि चुंबक यांच्यामधली फट मिलिमीटरहूनही कमी. झालर केसभर तिरकी चिकटली तरी वेटोळे घासते आणि प्रत्येक शब्दामागे खरखर ऐकू येते. म्हणून मधली टोपी काढून वेटोळ्याच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सारून ते मधोमध धरावे, झालर चिकटवावी आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. हा एक दिवस कोणालाच सोसत नाही. नंतर पट्ट्या काढून, दोन्ही अंगठ्यांनी शंकू अलगद दाबून कान लावायचा. निःशब्द हलला तर जिंकले. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर आमच्या घरात रात्रीही थांबत नाही. ही परीक्षा आम्ही उशीखाली डोके घालावे तशी गोधडीखाली घेतो!

पेटीतले कंडेन्सरही वाळले होते. ते त्याच मापाचे नवे घातले. पेट्या वाजल्या. आमच्या कानांना आवाज भरदार, स्वच्छ लागला. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गुरुजी मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पूर्वी शब्द टोकदार होते. आता शाल पांघरल्यासारखे वाटतात."

पेट्यांत दोष नव्हता. उतारवयात कान आधी वरचे सूर सोडतात. स, श, त यांसारखी व्यंजने पुसट होतात. हे त्यांना कसे सांगावे? सांगून त्यांचा काय लाभ? जुनी वस्तू मूळ होती तशीच राहावी, याबद्दल आम्ही फार कर्मठ आहोत. लोकांनी जुन्या रेडिओंना फासलेले चकचकीत व्हार्निश पाहूनही आमचा जीव तुटतो. पण पेटी कोणासाठी वाजायची, हा प्रश्न समोर खुर्चीत बसला होता.

आम्ही गुरुजींना खरे ते सांगितले. ते हसले. "मग कानांत काही बदलता येत नसेल तर पेटीत बदला," म्हणाले.

वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरपूर्वी एक रोध असतो, त्याचा आवाज जरा आवरून धरणारा. दोन्ही पेट्यांतले ते रोध आम्ही काढले आणि त्या जागी साधी तार जोडली. घरगुती आवाजात छोट्या स्पीकरला त्याने धोका नाही. आता त्या पेट्यांसमोर सूनबाईंना आवाज कर्कश वाटतो, म्हणून दुपारी त्या दार ओढून घेतात. काढलेले दोन्ही रोध एका पाकिटात घालून उजव्या पेटीच्या आत चिकटवून ठेवले आहेत. कोणता कोठे बसवायचा ते पाकिटावर लिहिले आहे.