दोन ते चारचा पहारा

माहेरच्या गावात सप्ताह हनुमान जयंतीला संपतो. नेवासा तालुका, चैत्रातलं ऊन, उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात. अशा दिवसांत मारुतीपुढे मांडव पडतो आणि सात दिवस, सात रात्री कुणाच्या तरी गळ्यात वीणा असते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. याला माणसं जमतात. कीर्तन सुटतं, जागराचे टाळकरीही पेंगायला लागतात, आणि मग उरतो नुसता पहारा. एक वीणेकरी, जमलंच तर साथीला एक टाळ, पुढ्यात समई. ऐकायला कुणी नाही.

आमच्या नानांचा पहारा दोन ते चारचा. यादी फळ्यावर खडूनं लिहिलेली असायची. बऱ्या वेळा मानकऱ्यांना जायच्या; दोन ते चार ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला. आधीचा पहारेकरी कुणाला तरी उठवायला पाठवी. कडी वाजली की नाना तोंडावर पाणी मारत, टोपी घालत, कपाळाला बुक्का लावत निघत, आणि मी बॅटरी घेऊन मागं. वीणा देताना-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडत. साठीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो, हे मी गावात दुसरीकडं कुठंच पाहिलं नाही.

एकदा चारचा पहारेकरी आलाच नाही. साडेचार झाले, पाच झाले. नाना उभेच. मधेच एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासत होते. मला झोप आवरेना. म्हटलं, नाना, ठेवा ना जरा खाली, कोण बघतंय? भजन न तोडता त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. काकड्याला माणसं आली, त्यांच्याबरोबर तो गडीही आला, अंगाला गोठ्याचा वास. म्हैस अडली होती. घरी येताना मी परत विचारलं, ठेवली असती तर काय झालं असतं?

"काय नसतं झालं," नाना म्हणाले. "पण मग पुढच्याच्या हातात काय दिलं असतं?"

नगरला कॉलेजात गेल्यावर हे सगळं मला थोतांड वाटायला लागलं. त्या वयात वाटावंच. वसतिगृहात रात्र रात्र वाद घालायचो, आणि सप्ताहाच्या वर्गणीत किती वर्गखोल्या झाल्या असत्या याचा हिशेब मला तोंडपाठ होता. तो हिशेब आजही चुकीचा वाटत नाही. कीर्तनकारांची बिदागी आणि भोंग्यांची उंची दोन्ही वाढतच चालल्यात. पण त्याच सुमारास दुर्गा भागवतांचं 'पैस' हाती आलं, आणि त्यातला नेवाशाचा खांब मी पुन्हा पाहायला गेले. शाळेच्या सहलीत त्याला हात लावून आम्ही नमस्कार केलाच होता. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, एवढंच मास्तरांनी सांगितलेलं. खांबावर कोरलेलं काय आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, काहीतरी गहन असणार. निघाली ती करवीरेश्वरापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद. तेलाची तजवीज! ज्या खांबाशी नऊ हजार ओव्या सांगितल्या गेल्या असं आपण मानतो, त्याला स्वतःला एवढंच सांगायचं होतं की दिवा विझू देऊ नका, पैशाची सोय केली आहे. दाता दगडावर राहिला. रात्री उठून वात सारणारा कुठं राहिला, हे मात्र मला उगीच छळत राहिलं. तो नक्कीच नानांसारखा कुणीतरी दोन ते चारवाला असणार.

लग्न होऊन गेले तीही याच तालुक्यात. तिथंही मारुती, तिथंही फळा. बायका पारायणाला बसत, भाकऱ्या थापत; वीणा बायकांकडे नसे. गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सराला बेटाचा सप्ताहही पाहून आले. तो दरवर्षी नव्या गावी भरतो. 2024 साली सिन्नर तालुक्यात पंचाळ्याला 177 वा झाला. गावोगावच्या भाकऱ्या ट्रॅक्टरनं येतात, आमटीच्या कढया चुलाणांवर रटरटत असतात, आणि प्रहरा मंडपात गावं पाळीपाळीनं नाचतात. डोळे फाटावेत असं दृश्य. तरी माझा जीव तिथं फार रमला नाही. लाखो माणसांत आपण नसलो तर कुणाचं काही अडत नाही.

शिर्डीला द्वारकामाईतली धुनी 1918 साली साईबाबा गेल्यावरही तेवती आहे. तिच्यात लाकूड घालणं आता संस्थानच्या व्यवस्थेचा भाग आहे. यावर नाक मुरडणारे भेटतात; म्हणतात, भाव कुठं राहिला? मला त्यात काही उणं दिसत नाही. भाव असेल त्या दिवशीच लाकूड घालायचं ठरवलं असतं, तर धुनी कधीच थंड झाली असती.

माझी पाळी आली 2020 साली. टाळेबंदी लागलेली, मांडव नाही, आचारी नाही. पोलीसपाटलांनी सांगितलं, पाचावर माणूस दिसता कामा नये. देवळाचं दार लोटून आळीतली दोन-तीन घरं वीणा धरत होती. त्यातल्या एका घरी ताप आला आणि फळा रिकामा पडला. पुजारीबाबा ओट्याशी येऊन म्हणाले, "वहिनी, धरता का?" सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. नाही कुणीच म्हटलं नाही.

आता खरं सांगायचं तर अनुभूती वगैरे काही आली नाही. वर्षानुवर्षं पाहिलेली गोष्ट हाती आल्यावर काहीतरी उजळेल, अशी आशा होती. आले ते पोटऱ्यांत गोळे. तारेनं बोट सोलवटलं. तोंडानं रामकृष्णहरी चालू, आणि डोक्यात काढून पडलेला कांदा, पुण्यात खोलीवर अडकलेला मुलगा, संपत आलेला गॅस. पण या कशासाठीही दोन तास हलता येत नव्हतं. फोन घेता येत नव्हता, बसता येत नव्हतं. काळज्या येत, समईपाशी घुटमळत आणि मी दाद देत नाही म्हणून पुढं जात. गेल्या म्हणजे मिटल्या नाहीत. घरी पोचले तेव्हा दारातच होत्या.

त्यानंतर दुपारचे पहारे बायकांना मिळू लागले. रात्रीचे नाही, काळजीपोटी म्हणे. पहाटे तीनला चुलीपुढं बसवताना ही काळजी कुठं असते, ते विचारायचं राहूनच जातं.

परवा सप्ताहाची बैठक झाली. रात्री माणसं मिळत नाहीत, हे रडगाणं नेहमीचंच. एका पोरानं सुचवलं, बारा ते चार नामजपाचं यंत्र लावू, अखंड वाजतं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पुजारीबाबा म्हणाले, "लाव की. पण चारच्या माणसाला उठवायला ते जाणार आहे का?" हशा पिकला, यंत्राचा विषय मागं पडला आणि फळा भिंतीला टेकवला गेला. दहा ते बारा भरलं, चार ते सहा भरलं. दोन ते चारपुढची जागा तशीच. खडू फिरत आमच्या बाजूला आला. माझ्याआधी सुनेनं घेतला आणि नाव लिहिलं, कुणाला न विचारता. मागच्या बाकावर जरा कुजबुज झाली, पण पुसायला कुणी उठलं नाही.

घरी येताना ती विचारत होती, "आई, चप्पल घालून उभं राहता येतं का हो?"

"नाही गं," म्हटलं. "मोजे चालतात. आणि संध्याकाळी जेवण हलकं घे."