पुरेसं चित्र

पेडलवर पाय ठेवला की एक्स-रे किरण सुरू, उचलला की बंद. मुलांच्या कॅथलॅबमधली निम्मी शिस्त त्या पायात असते. शिकत असताना आमचं सगळं लक्ष हातांकडे होतं. मांडीच्या शिरेतून वायर कशी सरकवायची, हृदयातल्या वळणावर ती कशी फिरवायची, यातच जीव गुंतलेला. पायाची आठवण सीनियर करून द्यायचे, तीही ओरडून: ‘‘स्क्रीनकडे बघत नाहीयेस ना? मग पाय काढ!’’

पुढे कळलं की पायापेक्षा डोळ्याला आवरणं अवघड. डोळ्याला स्वच्छ, ठसठशीत चित्र हवं असतं आणि त्याची किंमत किरणांत मोजावी लागते. ती मोजतं टेबलावर झोपलेलं मूल. त्याच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. एवढ्याशा छातीत थायरॉइडसुद्धा किरणांच्या झोतापासून दोन बोटांवर असते.

समजा, नऊ किलोच्या मुलाचं पीडीए बंद करायचं आहे. महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी ही नळी जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती, ती राहून गेली. टेक्निशियन विचारतो, ‘‘मॅडम, साडेसातवर ठेवू?’’

‘‘ठेव. ग्रिड काढली ना?’’

सेकंदाला पंधराऐवजी साडेसात पल्स घेतल्या की किरण जवळपास निम्म्यावर येतात. चित्र किंचित अडखळत पुढे सरकतं, पण वायर कुठे आहे ते नीट कळतं. ग्रिड विखुरलेले किरण गाळते. किरकोळ अंगाच्या मुलात ते मुळातच कमी, त्यामुळे तिच्यावाचून अडत नाही. डिटेक्टर छातीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, खालची ट्यूब लांब ठेवायची. झोत चारही बाजूंनी आवळून नळीपुरता करायचा. झूम शक्यतो नकोच. डाय सोडताना एकदा सिने, म्हणजे जास्त किरणांचं ठसठशीत चित्रण, घ्यावा लागतो, कारण नळीचं माप तिथेच ठरतं आणि तिथे काटकसर केली तर नळी बंद करणारं डिव्हाइस चुकीचं निवडलं जाईल. बाकी वेळी फ्लुरोची, म्हणजे कमी किरणांच्या नेहमीच्या चित्राचीच, क्लिप सेव्ह केली तरी पुरते. डिव्हाइस बसल्यावर गळती आहे का, हे तर छातीवर प्रोब ठेवून इकोत दिसतं.

प्रत्येक वेळी प्रश्न एकच: मला आत्ता नेमकं काय बघायचंय? तेवढं दिसलं की चित्र पुरेसं. विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये फुग्याने हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधला पडदा फाडून निळ्या पडलेल्या बाळांना वाचवायची वाट दाखवली, ती एक्स-रेखाली. आज तेच काम अनेकदा एनआयसीयूत, बाळाच्या खाटेशी, नुसत्या इकोवर होतं.

आमच्या लेड ॲप्रनच्या आत, अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज असतो. तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आमची मर्यादा आखून दिली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही. मुलाला बॅज नसतो आणि मर्यादाही नसते. नसावीच, कारण उपचार अर्ध्यावर सोडता येत नाहीत. म्हणजे त्याच्या वाट्याचं मोजमाप आमच्या विवेकावर राहतं.

शेवटी मशीन एकूण डोसचा आकडा दाखवतं. एकच पंप असलेल्या हृदयाची मुलं टप्प्याटप्प्याने पुन्हा पुन्हा टेबलावर येतात. एकदा परळला, एकदा मुलुंडला, कधी अंधेरीला. प्रत्येक ठिकाणी डोस माफकच असतो, पण बेरीज कुणाकडेच नसते. म्हणून तो आकडा मी मुलाच्या वजनासकट डिस्चार्ज कार्डावर लिहिते आणि आईला त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगते. फाइल हरवते, फोटो सापडतो. पुढचा डॉक्टर तो बघून ठरवू शकतो, पुन्हा एक्स-रेखाली घ्यायचं की इकोवर भागेल.