टपाची गळती

गाडीचा टप गळतो तेव्हा पाणी जिथे पडते तिथे ते बहुधा शिरलेले नसते. ट्रॅव्हल्स असो, एसटी असो की अलीकडे दिसू लागलेली, झोपायची-जेवायची सोय असलेली कॅराव्हॅन असो, टपाच्या कामातली खरी अडचण एवढी एकच आहे. सीलंट भरायला कोणालाही शिकवता येते; शिरण्याची जागा मात्र मुरलेल्या कारागिरालाही चकवते. पत्र्यातून आलेला थेंब आतल्या कमानीवर उतरतो, तिच्या उताराने कडेला जातो, तिथून लांबच्या पट्टीवर सरकत राहतो आणि प्लायला जिथे भोक सापडेल तिथून सीटवर पडतो. आंबा घाट चढताना तो मागे जातो, उतरताना पुढे येतो. म्हणून एकाच गाडीबद्दल ड्रायव्हर एक सीट दाखवतो आणि क्लीनर दुसरी, आणि दोघांचेही खरे असते.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हा तिची बॉडी लाकडी आणि छत कापडी होते. पुढे पत्रा आला आणि त्याच्याबरोबर सांध्यांचे दुखणे आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या हवेत ते जास्त जाणवते. वैशाखात टपाला हात लावता येत नाही आणि वळवाच्या एका सरीत तो निवतो. 11 मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने सुमारे 10 मिलिमीटर वाढतो. खालचा लोखंडी सांगाडा त्याच्या निम्माच वाढतो. उरलेली ओढ रिबिटांवर येते. भोके लांबट होतात, जुने सीलंट एका कडेने सुटते आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आपोआप आत ओढले जाते. दोन धातूंच्या मध्ये ओल राहिली की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांचे नुकसान सगळ्यांना दिसले. टपाने कुजणारी गाडी मात्र तशीच धावत राहते आणि तिच्या कमानी आतून खाल्ल्या जातात.

निदानात पहिला प्रश्न असा की ही गळती आहे की घाम. पावसाळी दमट हवेत एसीच्या थंड डक्टवर पाणी धरते, किंवा एसीचा निचऱ्याचा पाइप तुंबून ते आत उलटते. कोरड्या दिवशी नुसता एसी चालवून थेंब पडला, तर टपावर चढण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न गाडी उभी असताना गळते की धावताना. धावत्या गाडीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो, आणि उभ्या गाडीत निमूट राहणारी फट तेव्हा पाणी ओढते. त्यानंतर पाइपने पाणी सोडायचे ते सर्वांत खालच्या सांध्यापासून, एकेका जागी दहा मिनिटे, मग वर. वरून सुरुवात केली की सगळे सांधे एकदम भिजतात आणि काहीच कळत नाही. एवढ्यानेही उमगले नाही, तर खिडक्या-दारे चिकटपट्टीने बंद करून ब्लोअरने आत हवा भरावी आणि टपावर साबणाचे पाणी फिरवावे. फट असेल तिथे फेस उठतो.

गुडघे थकलेला कारागीर टपावर जात नाही. पोरगा वर पाइप धरतो आणि कारागीर आत प्लाय उतरवून बॅटरी घेऊन बसतो. या नाइलाजाने काम सुधारते, कारण पाण्याची वाट आतूनच दिसते. वर उभे राहून फक्त संशयित दिसतात: हॅचचे रबर, कॅरियरचे बोल्ट, दिव्याच्या वायरचे भोक, पुढच्या फायबरच्या डोमचा जोड. तरीही खालूनच नजर टाकून जागा सांगण्याचा मोह म्हातारपणीही सुटत नाही. गिऱ्हाइकासमोर बोट दाखवावे आणि फेस नेमका तिथेच उठावा, या सुखासाठी जुने कारागीर मजुरीही सोडतात. हा अहंकार आहे, आणि धंद्यात माणूस टिकतो तो पुष्कळसा त्याच्याच जोरावर.

हल्ली गळती दिसली की सगळ्या टपावर डांबरी पट्टी किंवा सिलिकॉन फासून गाडी तासाभरात मोकळी करतात. हे काम नव्हे, ही पुढच्या माणसाची अडवणूक आहे. सिलिकॉनचा पातळ थर राहिला की त्यावर रंग धरत नाही आणि दुसरे सीलंटही चिकटत नाही. तो खरवडण्यात अख्खा दिवस जातो. पट्टीखाली कोंडलेले पाणी तर तिथेच बसून पत्रा खाते.

दुरुस्तीत आधी भिजलेली ग्लासवूल काढून टाकावी. ती वाळवून परत घालू नये. गंज तारेच्या ब्रशने काढून प्राइमर मारावा. सैल रिबीट ड्रिलने काढून एक माप मोठे, बंद टोकाचे घालावे. हॅचच्या आणि डोमच्या चौकटीखाली ब्युटिल टेप द्यावी, वरून पीयू सीलंट. ते हवेतल्या ओलीने पिकते, पहिल्या दिवशी साधारण 3 मिलिमीटर खोल. पृष्ठभाग मात्र ठणठणीत कोरडा हवा. दोन दिवसांनी त्याच सांध्यावर पुन्हा दहा मिनिटे पाणी सोडून आतली कमान हाताने चाचपावी आणि ती कोरडी लागली तरच प्लाय बसवावे.