लावायचाय का खायचाय?

शनिवार पेठेतून निघून मी पेठेतच पोचलो. पुणे-नाशिक रस्त्यालगत, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पेठ नावाचं गाव आहे. ते आईचं माहेर. मामाचा पाय मोडला, मामेभाऊ चाकणला नोकरीला, आणि बटाट्याची लागवड तोंडावर. आई म्हणाली, "तू जा." वय ४६, पेशा मुद्रितशोधनाचा, शेतीचा अनुभव म्हणजे ओंकारेश्वराजवळच्या आमच्या गॅलरीतली तुळस. तीही तिसरी.

हे पठार खरिपाच्या बटाट्याचं. पाणी पावसाचं, बेणं पंजाबहून मंचरच्या बाजारात येणारं. मामाच्या पडवीत पुखराजचे कट्टे रचलेले होते. पूर्ण नाव 'कुफरी पुखराज'. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. सिमल्यातल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं संकराचं काम कुफरीत चालतं, म्हणून तिच्या वाणांना हे आडनाव. नावाचा उलगडा झाल्यावर मला वाटलं, निम्मं काम झालं.

मामीने विळा हातात दिला. "फोडी करा." हे मला येत होतं. मी झपाट्याने टोपलीभर एकसारख्या, देखण्या फोडी केल्या. मामी बघत राहिली.

"भाचेबुवा, लावायचंय का भाजी करायचीय?"

मग तिने एक बटाटा फिरवून दाखवला. बारीक खळगा, त्याच्या कडेला भुवईसारखी रेघ, आत टाचणीच्या डोक्याएवढा जांभळट कोंब. हा डोळा. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत, कारण नवं झाड तिथूनच फुटतं. बटाटा हे मूळ नव्हेच. जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, आणि डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या. माझ्या निम्म्या फोडी आंधळ्या होत्या. एकरी ६ ते ८ क्विंटल बेणं लागतं, आणि ते फुकट येत नाही, हे मामाने खाटेवरूनच ऐकवलं.

आंधळ्या फोडी मी वेचून काढल्या, पण सगळ्या नाही. विळा दर थोड्या वेळाने औषधाच्या पाण्यात बुडवायचा, फोडींना बुरशीनाशक चोळायचं, सावलीत सुकवायच्या, मग सरीत टाकायच्या. दोन-तीन आठवड्यांनी वावर हिरवं झालं. माझ्या दोन सऱ्यांमध्ये मात्र बोळक्या तोंडासारख्या नांग्या दिसत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाळलेल्या जागा शोधल्या. इथे स्वतःच्याच सापडल्या.

पुढे भर लावायची. खोडाशी माती ओढायची, म्हणजे आतला बटाटा उघडा पडत नाही. ऊन लागलं की तो हिरवा होतो, कडवट होतो, खाण्याच्या लायकीचा राहत नाही. ऑगस्टमध्ये ढग हटेनात तेव्हा मामा आभाळाकडे बघून गप्प झाला. अशा गार, ओल्या हवेत करपा येतो. १८४५ पासून आयर्लंडला उपाशी मारणारा तो हाच. आम्ही फवारणी केली आणि वाट पाहिली. थोड्या पानांवर निभावलं.

बांधावर सीताफळाची सहा झाडं होती. सप्टेंबरात एका रविवारी घरी जाताना मी न विचारता मोठी-मोठी डझनभर तोडली. आईने तांदळाच्या डब्यात घातली. आठ दिवसांनी ती काळी, सुरकुतलेली, दगडासारखी टणक. मामाला फोन केला.

"डोळं उघडल्यालं का?"

इथेही डोळे! फळावरच्या फुगवट्यांना डोळे म्हणतात. फळ तयार झालं की ते एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी पिवळट-पांढऱ्या दिसतात. त्याआधी तोडलं तर ते धड पिकत नाही. फार थांबलं तर झाडावरच उकलतं आणि पाखरं खातात. मधले थोडेच दिवस माणसाचे.

काढणी झाल्यावर पिशवीभर बटाटे घेऊन घरी आलो. संध्याकाळी आई भाजीला बसली. बटाटा सोलून झाल्यावर सुरीचं टोक खुपसून तिने एक डोळा सहज उडवला. लहानपणापासून बघत आलोय, पण या वेळी हात पुढे गेला.

"अगं, चांगला डोळा आहे तो."

तिने वर पाहिलं. पठारावर वाढलेली बाई ती. हे सगळं तिला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक.

"लावायचाय का खायचाय, ते आधी ठरव," ती म्हणाली, आणि दुसरा डोळा काढला.