खर्चाचा तक्ता

वडिलांच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेत अकोल्याच्या दिवाणी दाव्याचा हुकूमनामा सापडला, आणि एक वही. दावा 'खर्चासह' मंजूर झाला होता. शेवटी तक्ता: दाव्याचा मुद्रांक, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्सची बजावणी. वहीत मात्र अमरावतीहून एस.टी.ची भाडी, नुसतीच तारीख घेऊन परतल्याच्या नोंदी, आणि एके ठिकाणी, रकमेविना, आईच्या पाटल्या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत असा खर्च ठरवायला टॅक्सिंग मास्टर असतो. आमच्याकडे ही वहीच. विजयी पक्षाचा प्रवास, एवढेच काय, गेलेला वेळही खर्चात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात 2005 मध्ये म्हटले. वडिलांचा निकाल त्याआधीचा. तक्त्यातली रक्कमही त्यांनी वसूल केली नाही. त्यासाठी पुन्हा दरखास्त लावावी लागली असती. आणि प्रतिवादी माझे सख्खे काका होते.