सैनिकाचे मनोगत : बंदूक खाली ठेवल्यानंतरचं



‘सैनिकाचे मनोगत’ हा निबंध आपण सगळेच लिहायला देतो. वह्या तपासायला घेतल्या की ओळीनं तेच : बर्फ, बंदूक, शत्रू आणि शेवटी जयजयकार. त्यात चूक काहीच नाही. पण यंदा आमच्या शिरूर तालुक्यातल्या एका मुलीनं वेगळंच लिहिलं. तिचे वडील फौजेत आहेत. ‘पप्पा ड्युटी संपली की वहीत आमचं घर काढतात. गोठा मोठा काढतात आणि मला बारकीच काढतात.’ वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, “सर, मी वाढले ते त्यांना कसं कळणार?”

तिनं मग स्वतःच चित्र काढलं, गोठ्याच्या दाराशी उभी राहिलेली ती. पाकिटावर वडिलांचा नंबर, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’. गावाचं नाव नाहीच. फौजेचा पत्ता असाच असतो.

तुम्ही म्हणाल, लढाईत चित्राबित्रांचं काय? तर इटलीतली गोष्ट ऐका. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती. शहराजवळच्या मोंतेगुफोनीच्या वाड्यात उफीझी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवायला आणून ठेवली होती. भारतीय जवान तिथं पोहोचले. त्या चित्रांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं. प्रिमावेरा म्हणजे वसंत. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, म्हणजे आपल्या फळ्याएवढं तरी. फळांनी लगडलेली संत्र्याची बाग, फुलं उधळणारी एक बाई आणि हात धरून फेर धरलेल्या तिघीजणी.

याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. पुढं एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव त्याच बटालियनचे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. म्हणजे आपल्या घोडनदीपलीकडच्या जिल्ह्यातले. असा एखादा जवान त्या चित्रासमोर उभा राहिला, तर त्याला चित्रकाराचं नाव कशाला हवं? फेर धरलेल्या बायका बघून त्याला गावाकडची नागपंचमीच आठवणार. मला तरी तसंच वाटतं.

नंतरच्या काळात हेच काम रेडिओनं केलं. विविध भारतीवर फौजी भावांसाठी ‘जयमाला’ लागायचं, त्यांच्या फर्माइशीची गाणी. घरी आई तेच गाणं ऐकायची. दोन्हीकडं एकाच वेळी तेच सूर, एवढ्यावर आठवडा निघायचा. आणि रेडिओच्या आधी जातं होतंच. दळताना ओवीत मुलाची, भावाची वाट बघणं असायचंच. घरात आजी असेल तर तिला जरूर विचारा, आठवतं का ते. ओव्या लिहून घ्या, लवकर घ्या.

तर यंदा हा निबंध देताना मुलांना एवढंच विचारा : बंदूक खाली ठेवल्यावर हा माणूस काय करतो? काय गुणगुणतो? घराचं चित्र काढलं तर त्यात सगळ्यात मोठं काय काढेल? ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे, त्या मुलांना पोस्टिंग कुठं आहे हे मात्र वर्गात विचारू नका. आणि चित्राला मार्क देऊ नका, ते पाकिटात घालून पोस्टात टाकायचंय.