परक्याने वाचायचा कागद

मराठी माणूस मृत्युपत्र का करत नाही, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. कुणी आळस म्हणतो, कुणी अशुभाची भीती म्हणतो. मला वाटते, खरे कारण अगदी साधे आहे. आपला कागद जो वाचणार तो आपल्याला ओळखतोच, असे आपण धरून चालतो. मग त्याला लिहून काय सांगायचे?

माझे वडील गेले तेव्हा असेच झाले. मीना नदीच्या काठी त्यांनी स्वतः घेतलेली तीन एकर जमीन होती. मृत्युपत्र नव्हते. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे १९६६ ची जमीन महसूल संहिता सांगते. आम्ही ती दिली. तलाठी वडिलांना ओळखत होते. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावाच्या तोंडी मात्र तलाठीच राहिला आहे.) आई, आम्ही दोघे भाऊ आणि मंचरला दिलेली बहीण, अशी चार नावे वारस नोंदीत लागली. नोटीस निघाली, हरकत कुणाची आली नाही, फेरफार मंजूर झाला. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका, असा सल्ला गावातल्या चार शहाण्यांनी दिला. आम्ही तो ऐकून घेतला आणि तिचे नाव सातबाऱ्यावर तसेच ठेवले. मृत्युपत्र असते तर यात काय वेगळे घडले असते? काहीच नाही.

पण माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि या बिनकागदी समाधानाला तडा गेला. तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याने तिथले नागरिकत्व घेतले, तेव्हा १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्याचे इकडचे संपले. आता त्याच्याजवळ ओसीआय कार्ड आहे. त्यावर येता येते, राहता येते, पुण्यात फ्लॅटही घेता येतो. शेतजमीन तेवढी विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते, आणि विकायचीच झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणजे ज्याने लहानपणी या रानात बैल हाकले, त्याला शेजारचे दोन गुंठे मागता येत नाहीत. तुम्ही म्हणाल, हा अन्याय आहे. मला तसे वाटत नाही. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या या मुलखात डॉलर मोजणारे गिऱ्हाईक बांधावर उतरले, तर इथल्या शेतकऱ्याच्या पोराने कुठे जायचे? भावाजवळ हे मत मी बोलून दाखवले आहे. तो हसला, पण त्याला ते फारसे आवडले नाही.

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास त्याचा फोन आला. फोन म्हणजे आता चेहरा दिसतो असा. आमच्याच तालुक्यात आर्वीला १९७१ साली उपग्रह भूस्थानक सुरू झाले आणि परदेशची बोलणी तिथून आभाळात जाऊ लागली. पण मी लहान असताना आमच्या घरी साधा फोनही नव्हता. असो. भावाचा चेहरा त्या दिवशी उतरलेला होता. त्याच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याला मोटारीचा अपघात झाला होता. दोघेही वाचले, पण दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती आणि तेवढा वेळ त्यांची दोन लहान मुले अगदी अनोळखी घरात होती.

"दादा, आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलींना तू आणि वहिनीनं घ्यायचं. विलमध्ये तुमचं नाव घालू का?"

मी काही बोलायच्या आत पत्नी पुढे होऊन म्हणाली, "हे काय विचारणं झालं भाऊजी? आम्ही नाही तर कोण घेणार? आणि त्याला कागद कशाला?"

"वहिनी, तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. इथल्या न्यायाधीशाला कुठे ठाऊक आहे?"

त्याच्या या एका वाक्याने मला विचार करायला लावले. आईबाप दोघेही नसले आणि पालक नेमलेला नसला, तर मूल कुणाकडे सोपवायचे ते तिथले न्यायालय ठरवते. नेमलेला असला तरी शेवटचा शब्द न्यायालयाचाच. पण त्या लिहिलेल्या नावाला वजन असते. परदेशातला माणूस सगळे आयुष्य परक्यांत काढतो. त्याच्यामागे त्याच्या मुलांविषयी जो ठरवणार तोही परकाच. त्या परक्याने वाचावा म्हणून कागद. आपल्याकडे तो लिहिताना माणसे अविश्वासाने अवघडतात. भाऊ तो जीव तोडून लिहीत होता.

त्या रात्रीपासून पत्नीने माडीवरची खोली मोकळी करायला घेतली. धान्याची पिंपे खाली आली, माझी जुनी मासिके कपाटावर गेली. मी थट्टा केली नाही.

आमची मोठी पुतणी बारा वर्षांची आहे, धाकटी सहा. मोठीला मराठी समजते आणि बेताचे बोलताही येते. न्यायालय जाणत्या मुलाचे मत विचारात घेते, म्हणून भावाने तिला आधीच विचारले. तिने ते आम्हालाच सांगायचे ठरवले. पडद्यावर येऊन ती म्हणाली, "काका, काकू, मला तुम्ही आवडता. उसात बिबट्या असतो, त्याची पण मला भीती नाही. पण माझी शाळा इथे आहे. मावशी इथे आहे."

तिची मावशी त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. पोरीचे म्हणणे बरोबर होते. मला ते त्याच क्षणी पटले आणि पटल्याचे वाईटही वाटले.

पत्नी म्हणाली, "मावशीच बरी. म्हणतातच ना, माय मरो पण..." आणि थांबली. ही म्हण आमच्या घरात शंभरदा बोलली गेली असेल. तिच्या पहिल्या दोन शब्दांत काय आहे, ते त्या दिवशी प्रथम ऐकू आले.

पालक म्हणून मावशीचे नाव पडले. ती नसेल तर आमचे. खोली मोकळीच राहिली.

मग उरली मालमत्ता. तिचे काम रूक्ष, पण खाचखळगे तिथेच. भावाने दोन मृत्युपत्रे करायची ठरवली, एक तिकडच्या मालमत्तेचे आणि एक इकडच्या जमिनीतल्या हिश्शाचे. तिकडच्या वकिलाच्या मसुद्यात सुरुवातीलाच वाक्य होते: यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो. छापील साच्यातले वाक्य, कुणाची नजर अडू नये असे. पण ते इकडच्या मृत्युपत्रानंतर तसेच सही झाले असते, तर आमचा जुन्नरचा कागद एका ओळीत रद्द! तिथे 'भारतातील स्थावर मालमत्तेविषयीचे मृत्युपत्र वगळून' एवढे शब्द घालून घेतले. वीस वर्षे मुलांना शब्दयोगी अव्यये शिकवली. त्यातल्या एका 'वगळून'वर तीन एकरांतला चौथा हिस्सा उभा राहील असे वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. आमच्या भागात परदेशी गेलेल्यांचे आईबाप ते जपून ठेवतात आणि सगळे झाले असे समजतात. मुखत्यारपत्र लिहून देणारा जिवंत आहे तोवरच चालते. त्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. तिकडे केलेल्या पत्रावर ऍपॉस्टीलचा शिक्का लागतो, तो भारत २००५ पासून मानतो; शिवाय कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. एका ओळखीच्या गृहस्थांनी ते पत्र वर्षभर देव्हाऱ्यात ठेवले होते, हळदकुंकू वाहून!

परक्या मुलखात येऊन लिहून ठेवणे आमच्या जुन्नरला नवे नाही. नाणेघाटातून व्यापार चढत होता त्या काळी इथे बाहेरचे लोकही येऊन राहिले. इथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दिलेल्या पाण्याच्या दोन टाक्यांचा लेख आहे, चिट नावाच्या यवनाच्या भोजनमंडपाचा आहे. एका शकाने करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिले, तेही कोरलेले आहे. गावकऱ्यांना हे तोंडी सांगून भागले असते. त्यांनी दगडात लिहिले.

या आषाढात भाऊ मुलींना घेऊन आला. इकडच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; एक निवृत्त गुरुजी आणि एक शेजारचे शेतकरी आले. नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही दुय्यम निबंधकाकडे करून घेतली.

आदल्या रात्री आईने तिची पेटी उघडून एक पिवळा पडलेला उतारा काढला होता. तिचे माहेर जुने आंबेगाव. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; तालुक्याला नाव अजून त्याचेच आहे आणि कचेरी घोडेगावला. "या कागदातलं शेत पाण्यात आहे," ती भावाला म्हणाली. "पण कुठं होतं ते मला दाखवता येईल. तू पोरींना दाखवलंयस का आपलं?"

त्याने दाखवले नव्हते. सही झाल्यावर भुरभुर पावसातच आम्ही सगळे रानात गेलो. आईने मोठीचा हात धरून तिला हद्दीच्या दगडांवरून फिरवले. चारी बाजूंना कोण, कुणी कुणाचा बांध कोरला, कोण कुणाशी किती वर्षे बोलत नाही, सगळे सांगितले. मृत्युपत्रात यातले काहीच नव्हते. मोठीने प्रत्येक दगडाचा फोटो काढला आणि गट नंबर दोनदा विचारून घेतला. तेवढ्यात धाकटीची चप्पल चिखलात रुतली, ती रडायला लागली, आणि उंबरापाशीच्या शेवटच्या दगडापर्यंत काही आम्ही गेलो नाही.